हुंकार

वर्गात भरभर बोलण्याचा मला थोडा अभिमान होता. पन्नास मिनिटांच्या तासात मी सत्तर मिनिटांचा मजकूर बसवतो, असे विद्यार्थी म्हणत. ती स्तुती नव्हती, हे कळायला वीतभर कागदाची एक पट्टी कारण झाली.

आम्ही कोराडीला राहतो. खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. १९७४ साली येथला पहिला संच सुरू झाला. पुढे ६६० मेगावॅटचे तीन अजस्र संच आले. वडिलांची उभी नोकरी त्या धुराड्यांखाली गेली. ते गेल्यावरही आईने कोराडी सोडली नाही. म्हणून मीच रोज नागपूरला कॉलेजात जाऊन येतो.

श्रावणातली गोष्ट. डॉक्टरांनी आईची रक्तदाबाची गोळी बदलून दिली होती. सकाळी चपला पायात सरकवता सरकवता मी सांगितले, "जुनी गोळी बंद. नवी रात्री जेवल्यावर, तीही अर्धीच. गॅसवाला येईल, पैसे फ्रिजवर आहेत. विजेचं बिल मेजावर ठेवलंय, कोणी मागितलं तर देऊ नकोस." पहिल्या वाक्याला आईने 'हं' म्हटले. पुढे म्हटले की नाही, ते मी ऐकलेच नाही. मी फाटकाशी पोचलो तेव्हा तिने हात वर केला. 'सांभाळून जा' म्हणते आहे असे समजून मीही हात हलवला आणि बस गाठली.

तिने जुनी गोळी घेतली, आणि नवी, अख्खी, तिच्याबरोबरच. दुपारी चक्कर येऊन ती न्हाणीघरात पडली. शेजारणीला आवाज गेला म्हणून निभावले. संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून काय म्हणालो असेन? "एवढं समजावून सांगितलं होतं ना!" आई काही बोलली नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. आजीच्या पडण्याचा त्याने धसका घेतला आणि दसऱ्याच्या सुट्टीत तो एक यंत्र घेऊन बसला. संगणकातून गोळ्यांच्या वेळा निघायच्या आणि काड्यापेटीहून थोड्या मोठ्या छपाईयंत्रातून कागदाची पट्टी बाहेर पडायची. पट्टी पडली, पण तिच्यावरचा पहिला भाग शाबूत, आणि पुढची रोमन अक्षरे मधून मधून गळालेली! गोळीचे नाव अर्धे, वेळ गायब.

"यंत्र बिघडलंय," मी निकाल दिला.

"यंत्र चांगलं आहे, मामा. मी भरभर पाठवतोय."

मग त्याने मला शिकवणी दिली. दोन्ही यंत्रांत एक घड्याळ नसते. फक्त वेग आधी ठरलेला असतो. सेकंदाला ९,६०० ठोके. एका अक्षरामागे १० ठोके: 'आलो' म्हणायला १, अक्षराचे ८, 'झाले' म्हणायला १. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. छपाईयंत्राला ओळ तापवून उमटवायला मात्र वेळ लागतो. तोवर आलेली अक्षरे एका लहानशा साठवणीत थांबतात. ती भरली की पुढची अक्षरे हरवतात. आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो!

"मग त्याने थांब म्हणावं," मी म्हणालो.

"तेच तर करायचंय. पण काठोकाठ भरल्यावर नाही, थोडं आधी. वाटेवर निघालेली अक्षरं परत फिरत नाहीत." मला आमच्या जगदंबेच्या देवळातली नवरात्रातली रांग आठवली. गाभाऱ्यापुढची जागा पुरी भरण्याआधीच दोर आडवा घालावा लागतो. दोराच्या आत आलेल्यांनाही उभे राहायला जागा हवी.

थांबवण्याच्या रीती दोन. एक, त्याच तारेवरून उलट खूण पाठवायची. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या अक्षरसंकेतात १९ क्रमांकाची खूण म्हणजे 'थांब' आणि १७ क्रमांकाची म्हणजे 'चालू दे'. टेलिप्रिंटरची कागदी फीत याच खुणांनी थांबे आणि चाले. पण खूण आणि मजकूर एकाच वाटेने जातात. चित्र पाठवताना त्यातच हे अंक आले, तर चित्राचा तुकडा खूण म्हणून वाचला जातो. म्हणून दुसरी रीत: वेगळ्या तारा. एकीचा अर्थ 'पाठवू का?' आणि दुसरीचा 'पाठव'. भाच्याच्या यंत्राला त्यातली एकच पुरणार होती.

"म्हणजे," मी विचारले, "खूण आणि मजकूर यांत गल्लत होऊ शकते?"

"होते ना!"

मी उठून आत गेलो. आई वाती वळत बसली होती.

"आई, त्या दिवशी फाटकाशी तू हात का वर केला होतास?"

"थांब म्हणत होते रे," ती सहज म्हणाली. "जुनी गोळी कुठली, तेच डोक्यात बसायचं होतं. तू हात हलवलास. मग म्हटलं, उशीर होत असेल."

दोन महिने ती हे बोलली नव्हती.

लहानपणी हीच आई मला रात्री गोष्ट सांगे. मी हुंकार दिल्याशिवाय तिची गोष्ट पुढे सरकत नसे. झोपेने माझा हुंकार थांबला, की राजपुत्र रानातल्या रानात उभा राही. दुसऱ्या रात्री ती पहिल्यांदा विचारी, "कुठवर ऐकलं होतंस?" आणि तेथूनच सुरू करी. एवढे वाङ्मय शिकवणाऱ्या मला तिची ही साधी रीत मात्र उचलता आली नाही.

भाच्याने तार जोडली. आता पट्टी पूर्ण उमटते. मी सकाळची एक बस मागची धरतो. चपला घालण्याआधी तिच्याजवळ पाटावर बसतो, एक गोष्ट सांगतो आणि गप्प राहतो. कधी कधी फार वेळ लागतो. आज सकाळी तिने गोळीचे पाकीट उलटसुलट करून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"हं," ती म्हणाली. "आता पुढचं सांग."