जांभळ्या दिव्याखाली

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

नागपूरजवळ जामठ्याला विदर्भानं इराणी चषक जिंकला, शेष भारताला ९३ धावांनी हरवून. मोबाइलवर निकाल पाहिला आणि तसाच उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. दोन्हीचा संबंध एवढाच की दसरा झाला, ऊन पडायला लागलं, आणि दर साली याच आठवड्यात पेटीला हवा द्यावी लागते. यंदाच्या पावसाचं काही विचारू नका. सोयाबीन तर गेलंच, भिंतींनी अजून ओल सोडलेली नाही.

पेटीत क्रिकेट खेळणाऱ्यांच्या सह्या आहेत. कोऱ्या कार्डांवर, कात्रणांवर, दोन बॅटींवर, एका फाटक्या हातमोज्यावर. मिळून दीडशेच्या आत-बाहेर. बहुतेक सगळ्या टपालानं आलेल्या. अख्खी नोकरी पोस्टात काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार! पद्धत ठरलेली: चार ओळींचं पत्र, पत्ता लिहून तिकीट लावलेलं आपलंच पाकीट, आत पोस्टकार्डाच्या मापाची दोन कोरी कार्डं. एक सहीसाठी, दुसरं पुठ्ठा म्हणून, म्हणजे वाटेत घडी पडत नाही. दहा पत्रं टाकली तर तीनांना उत्तर यायचं. परदेशी पाठवायचं तर आपलं तिकीट तिकडं चालत नाही. मग आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन मिळवायला नागपूर गाठावं लागायचं.

सगळं पडवीत चादरीवर मांडलं. सावलीत, उन्हात शाई उडते. कसर फक्त एका वहीच्या बाइंडिंगमध्ये निघाली, खळीचा वास लागलेला तिला. डांबराच्या गोळ्या नव्या टाकल्या, पण कागदाला लागू न देता, कापडात बांधून.

२०२३ च्या जुलैत आमच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याचा वेढा पडला, हेलिकॉप्टर बोलवायची पाळी आली, तेव्हा मी ही पेटी पलंगावर घेऊन बसलो होतो. "तालुका बुडून राहिला अन् तुम्ही काय कवटाळून बसले!" असं हिनं ऐकवलं. बरोबरच होतं तिचं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारचा नातू (माझा नव्हे, पण मला आबा म्हणतो) नवी बॅट घेऊन आला. बाजारातली, साडेतीनशे रुपयांची. "आबा, हे पाहा, धोनीची सही!"

मी भिंग दिलं त्याच्या हातात. म्हटलं, सहीची रेघ पाहा अन् काय दिसते ते सांग. बराच वेळ एक डोळा मिटून पाहत होता. "ठिपके ठिपके हायत."

छापलेली सही अशीच दिसते. हातानं केलेल्या सहीत रेघ कुठं जाड, कुठं बारीक. वळणावर पेन थबकतं तिथं शाई साचते. शेवटचा फराटा कागद सोडताना निमुळता होतो. नक्कल करणारा हळूहळू गिरवतो, त्याचा फराटा बोथट संपतो. एवढं सगळं मी त्याला ऐकवलं. त्यानं काही ऐकलं नाही. त्याला दुसरीच चिंता पडलेली:

"म्हंजे धोनीले मालूमच नाई, माह्याजवळ त्याची सही हाय म्हून?"

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिकडं रात्र. मुलाला बेसबॉलचं वेड लागलंय, आणि मुलाच्या मागं बापाला. कॅमेऱ्यासमोर एक पांढरा चेंडू धरला: "मामा, यावर सही कुठं घ्यायची तेही ठरलेलं असतं." दोन शिवणी जिथं सगळ्यांत जवळ येतात त्या अरुंद पट्टीवर एकट्याची सही असेल तर भाव वेगळा, सगळ्या संघाच्या सह्या असतील तर ती जागा मॅनेजरला सोडतात. आपल्याकडं बॅटच्या पात्याला असा मानाचा कोपरा नाही.

मग त्यानं बेब रूथची गोष्ट सांगितली. त्या देशातला हा सगळ्यांत मोठा खेळाडू १९४८ साली वारला, आणि त्याच्या सहीचे चेंडू अजून बाजारात येतच आहेत. चेंडूवर तेव्हा लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असायचं. कुणी रूथच्या सहीचा चेंडू आणला अन् त्यावर जो क्रोनिनचं नाव निघालं, तर सही बघायचीसुद्धा गरज नाही. क्रोनिन अध्यक्ष झाला १९५९ साली. मेल्यावर अकरा वर्षांनी कोण सही करतो?

अमेरिकेच्या एफबीआयनं नव्वदीच्या दशकात या खोट्या सह्यांच्या टोळ्यांमागं मोठी मोहीम लावली, 'ऑपरेशन बुलपेन' नावाची. पकडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही निघाले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. ही चहा घेऊन आली ती विचारू लागली, काय झालं? मदर तेरेसा अन् चेंडू म्हटल्यावर तिला आम्ही वाह्यात वाटलो.

फोन ठेवला. हसू काही वेळ टिकलं. मग उठलो आणि पेटीच्या तळाशी ठेवलेलं प्लॅस्टिकचं पाकीट काढून बघत बसलो.

त्यात माझा हिरा आहे. १९३२ चा संघ. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, त्या अकराच्या अकरा जणांच्या सह्या एका कागदावर. वर कर्णधार सी. के. नायडू, आपल्या नागपूरचे. खाली वझीर अली, नझीर अली, नवले, नऊमल, कोला, पालिया, लाल सिंग, जहांगीर खान, अमर सिंग, निसार. १९८८ साली नागपुरात एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून तीनशे रुपयांना घेतला. तेव्हाचे तीनशे. घरी कधी सांगितलं नव्हतं.

घेताना मी आंधळा नव्हतो. बॉलपेन बाजारात आलं ते १९४० च्या दशकात. १९३२ च्या कागदावर बॉलपेनची रेघ दिसली की विषय संपला. भिंगातून प्रत्येक सही पाहिली होती: दौतीची शाई, निबाची रेघ. खात्री पटली म्हणून घेतला. पण शाई पाहिली. कागद पाहिलाच नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो एकदाचा आडतीवर. दिवाळी तोंडावर, कापसाच्या भावाची ओरड चाललेली, गल्ल्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा जळत होता. मला तोच पाहिजे होता. शेठ म्हणाला, "काकाजी, नकली नोट आली काय?" म्हटलं, नोट नाही, कागद आहे.

घरून तीन कागद नेले होते. एक वडिलांच्या वेळचं, १९३० सालचं, जमिनीचं जुनं दस्त. दुसरा कालचा, झेरॉक्सचा. तिसरा तो.

दस्त दिव्याखाली धरलं: मंद, तपकिरी, जुन्या पितळेसारखं. झेरॉक्सचा कागद धरला: एकदम निळसर पांढरा, दिव्यापेक्षा जास्त उजळ. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून गिरण्या त्यात जी पूड घालतात ती साधारण १९५० च्या आसपासपासूनची. आपल्या घरात तिचं नाव टिनोपॉल. शर्टाला लावायचं तेच.

तिसरा कागद धरायला हात उचलेना. शेठनंच ओढून दिव्याखाली सरकवला.

टिनोपॉल लावलेल्या शर्टासारखा लखलखला. त्यावर अकरा सह्या काळ्याभोर, सुबक. शेठ म्हणाला, "वा, लई साफ दिसून राहिलं!"

अमर सिंग १९४० साली गेले, तिशीही उलटली नव्हती. त्यांची सही १९५० नंतरच्या कागदावर. जो क्रोनिनचा चेंडू सदतीस वर्षं माझ्याच पेटीत होता.

रात्री जेवलो नाही. हिला कारण सांगितलं नाही, तिनं ओळखलं. "तीनशे रुपये ना? सोडा आता," म्हणाली. म्हणजे तिला १९८८ पासून माहीत होतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज राग उतरला आणि लाज उरली. मी जन्मभर टपालाचे ठसे वाचले. कुठलं पाकीट कुठल्या तारखेला कुठून निघालं हे एका नजरेत सांगायचो. माझ्या टपालाच्या सह्यांची पाकिटं मी कधीच फेकली नाहीत. ठसा हीच त्यांची साक्ष. टपालानं आलेल्या बाकीच्या सह्यांबद्दल आज माझ्या मनात फारशी शंका नाही, ती याच कारणानं. आणि जो कागद पाकिटाशिवाय, ठशाशिवाय, कुठून आला याचा पत्ता नसताना आला, त्यालाच हिरा म्हणून तळाशी जपलं.

विकणाऱ्याला दोष देत नाही. तोही कदाचित फसलेला असेल. हौस माझी मोठी होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कागद परत पाहिला, आणि या वेळी नजर नवल्यांच्या नावावर अडकली.

जनार्दन नवले. यष्टिरक्षक, सलामीला जाणारे, पुण्याकडचे मराठी माणूस. कसोटी क्रिकेटमध्ये भारताकडून पहिला चेंडू खेळला तो यांनीच. दोन कसोट्या खेळले, दुसरी १९३३ साली मुंबई जिमखान्यावर. पुढं उतारवयात साखर कारखान्यावर पहारेकरी होते. १९७९ च्या सप्टेंबरात वारले.

मी सह्यांच्या नादाला लागलो १९७६ साली. म्हणजे पुरती तीन वर्षं हा माणूस हयात होता, महाराष्ट्रात होता, आणि माझ्या हातात टपालखात्याइतकी यंत्रणा येऊ घातली होती. मी पत्रं लिहिली ती सगळ्यांनी लिहिली त्यांनाच. गावसकरांना किती, याची मोजदाद नाही. तेव्हा सगळा देशच त्यांना लिहीत होता. गुंजच्या कारखान्यावरून जाताना फाटकावरचा पहारेकरी सलाम ठोकायचा, तेव्हा मला कधी सुचलं नाही की असाच एक जण लॉर्ड्सवर सलामीला उतरला होता.

पुण्यात सहकारनगरात रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, २०१२ ला सचिन तेंडुलकरच्या हस्ते सुरू झालेलं. तिथल्या बॅटी, टी-शर्ट पाहून डोळे दिपतात. असायलाच पाहिजे असं एखादं ठिकाण. पण माझ्या हौसेत मोठ्या नावामागं पळून काय निसटलं ते आज कळतंय. मोठ्या नावांच्या सह्या कुणी ना कुणी घेणारच होतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. वहीची पूजा करताना हिनं पेटीलाही हळदकुंकू लावलं, टोमणा म्हणून.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सी. केंचा जन्मदिवस. १८९५ चे, म्हणजे एकशे तीस वर्षं झाली. नागपुरात जन्मले, हिस्लॉपात शिकले, मग इंदूरला होळकरांकडं गेले ते तिथलेच झाले. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा, अकरा षटकार. लोक त्यासाठी आठवतात. मला आठवतं ते हे की एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत झळकलेला आपल्याकडचा पहिला क्रिकेटवाला तेच. सही विकली जाते हे त्यांना तेव्हाच समजलं असेल.

भाच्याचा फोन होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, इंटरनेटवर टाका. 'जशी आहे तशी' म्हणून विकलं तरी दहा-वीस हजार कुठं गेले नाहीत." वीस हजारात यंदाचं बियाण्याचं कर्ज फिटतं. दुपारभर तो आकडा डोक्यात फिरला, हे खोटं कशाला लिहू?

३ नोव्हेंबर, सोमवार

काल रात्री नवी मुंबईत पोरींनी विश्वचषक जिंकला. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. गावात बारा वाजेपर्यंत फटाके. दिवाळीतले उरलेले सगळे उडाले.

सकाळी शेजारचा नातू आला, सोबत त्याची बहीण, सातवीतली. तिला हरमनप्रीतची सही पाहिजे. मी म्हटलं, तिला आज लाखभर पत्रं जातील, तू मागाहून लिही. आधी दुसरं एक लिहू. गेल्या मोसमात रणजी करंडकात ६९ बळी घेऊन विक्रम केला तो हर्ष दुबे आपल्या विदर्भाचा. त्याला महागावातून कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही. तिनंच लिहिलं पत्र, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. "तुमची सही पाठवा" च्या खाली तिनं स्वतःची सही केली. अशी सही करायची पद्धत नाही हे सांगणार होतो, मग म्हटलं राहू दे.

पोस्टात गेलो. रजिस्ट्री आता स्पीड पोस्टात मिसळली, खिडकीवरचं पोरगं माझ्यानंतरचं तिसरं. साधंच टाकलं. जाण्याच्या पाकिटावर पाच रुपये, येण्याच्या पाकिटावर पाच.

घरी येऊन तो १९३२ चा कागद पालथा केला आणि पाठीवर पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'खोटी. नागपूर, १९८८. रु. ३००.' खाली माझी सही, तारीख. पेन्सिल दाबून धरली, म्हणजे कुणी खोडली तरी कागदावर वण राहील. मग पेटीत ठेवला. तळाशी नाही, सगळ्यांत वर.