पकड

सुताराच्या कामाचे कौतुक करताना लोक रंध्याची धार पाहतात, पटाशीची सफाई पाहतात आणि तयार वस्तूवरून प्रेमाने हात फिरवतात. परंतु ती वस्तू घडत असताना लाकूड कशाने धरले होते, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. पकड ही अशीच उपेक्षित राहते. काम चांगले झाले, तर ती कोणाला दिसत नाही. काम बिघडले, तरच तिची आठवण होते.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन तालुके. कऱ्हा नदी बारामतीवरून वाहत येऊन सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा पुढे नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. कालव्याचे पाणी जेथवर पोहोचते, तेथवर उसाचे हिरवे फड. जेथे ते पोहोचत नाही, तेथे काटेरी बाभळी. ऊस लोकांना पैसा देतो. बाभळीने पिढ्यान् पिढ्या गाड्या, नांगर आणि जू यांना लाकूड दिले.

याच बाभळीच्या लाकडावर नीरेकाठच्या एका गावातील वृद्ध कातारी आबांचे आयुष्य गेले. कातारी म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खूर आणि कुंकवाचे करंडे या त्यांच्या हातच्या वस्तू. तरुणपणी ते दोन खुंटांमध्ये लाकूड अडकवत, त्याभोवती धनुकलीच्या दोरीचा वेढा घालत आणि जमिनीवर बसून एका हाताने धनुकली ओढत. दुसऱ्या हातात हत्यार असे आणि त्या हत्याराला आधार पायाच्या बोटांचा. धनुकली पुढे गेली की लाकूड एका अंगाला फिरे, मागे आली की उलट फिरे. लाकूड स्वतःकडे येत असेल तेवढ्याच क्षणी हत्यार टेकवायचे आणि परत फिरताना उचलायचे. लाकूड गोल झाले की फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळे आणि लाकडावर रंग चढे.

लाटणे दोन्ही टोकांना धरता येते, म्हणून ते करणे सोपे. करंड्याची गोष्ट निराळी. त्याचे पोट आतून कोरावे लागते, म्हणजे एक टोक मोकळे हवे. मग सारा भार उरलेल्या एकाच टोकावर येतो. आबा त्यासाठी एका लाकडी ठोकळ्यात गोल खळगा करीत आणि करंड्याचे लाकूड त्यात ठोकून बसवीत. प्रत्येक मापाला वेगळा खळगा लागे. अशा खळग्यांच्या ठोकळ्यांची एक पेटीच त्यांच्या माजघरात होती.

आबांचा नातू बारामतीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरचे काम शिकत होता. तेथे लाकूड नव्हे, तर लोखंड फिरते. परंतु या व्यवसायाचे मराठी नाव मात्र ‘कातारी’ हेच आहे. शिक्षणक्रमात ते नाव वाचून आबांना मोठे समाधान वाटले होते. आपली विद्या नातवाबरोबर संपणार नाही. ती केवळ लाकडातून लोखंडात शिरली आहे, असे ते शेजाऱ्यांना सांगत.

लेथवर काम धरण्याचे साधन म्हणजे चक. नातवाने त्याचे दोन मुख्य प्रकार शिकले होते. तीन जबड्यांच्या चकात किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदमच मध्याकडे सरकतात. गोल किंवा षट्कोनी वस्तू त्यात आपोआप मध्यावर येते. चार जबड्यांच्या दुसऱ्या प्रकारात प्रत्येक जबडा स्वतंत्रपणे सरकवावा लागतो. त्यात वेळ जातो, पण वेड्यावाकड्या आकाराची वस्तूही धरता येते. सगळे जबडे एकदम हलवण्याची युक्तीही मोठी मौजेची आहे. चकाच्या पोटात एक चकती असते आणि तिच्यावर जिलबीच्या वेढ्यांसारखी आतून बाहेर जाणारी खाच असते. जबड्यांचे दाते त्या खाचेत बसतात. चकती फिरली की साऱ्या जबड्यांना सारखेच अंतर सरकावे लागते. अमेरिकेतील सायमन फेअरमन याने १८३० च्या सुमारास अशा चकाला रूप दिले आणि पुढे तो जगभरच्या कारखान्यांत पोहोचला.

लाकूडकामासाठी याच युक्तीचा, पण चार जबडे एकदम सरकणारा चक मिळतो. नातवाने पैसे साठवून तसा एक चक आणला आणि आबांच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या लेथवर बसवला. त्याच्याबरोबर जबड्यांचे दोन संच होते: एक मिटल्यावर ५० मिलिमीटरचे वर्तुळ करणारा आणि दुसरा १०० मिलिमीटरचे.

त्याच वैशाखात नातवाच्या थोरल्या बहिणीचे लग्न होते. घरची जुनी बैलगाडी मोडली, तेव्हा तिचा बाभळीचा कणा आबांनी जपून ठेवला होता. त्या कण्याचा करंडा करून नातीला द्यावा, अशी त्यांची फार इच्छा होती. कणा बहुतेक ठिकाणी भेगाळला होता. निर्दोष ठोकळा त्यातून एकच निघाला. आबांचे हात आता कापत असत, म्हणून ठोकळा नातवाच्या हाती आला.

नातवाने तो दोन्ही टोकांना धरून १२ सेंटिमीटर जाडीचा गोल केला. मग चकात धरण्यासाठी एका टोकाला आखूड गोल खुंट काढला. खुंट जितका जाड, तितकी पकड भक्कम, असे त्याला वाटले. म्हणून त्याने खुंट ८० मिलिमीटरचा ठेवला. शंभराच्या जबड्यांना तो लहान होता; म्हणून त्याने पन्नासाचे जबडे ताणून उघडले, खुंट आत घातला आणि सारी ताकद लावून किल्ली आवळली. मग किल्ली काढून त्याने लेथ सुरू केले.

बहीण चहा घेऊन दारात उभी होती. आबा म्हणाले, “पोरी, फिरत्या लाकडाच्या समोर उभी राहू नकोस, इकडे माझ्यामागे ये.”

ती बाजूला झाली आणि दुसऱ्याच क्षणी हत्यार लाकडात अडकले. ठोकळा चकातून निसटला, दारातून बाहेर गेला आणि अंगणातल्या पत्र्यावर धाडकन आदळला. लेथ मिनिटाला १५०० फेरे घेत होते. १२ सेंटिमीटर जाडीच्या लाकडाची कड त्या वेळी ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने धावत असते. बहीण जेथे उभी होती, तेथूनच ठोकळा गेला होता.

कोणीच काही बोलले नाही. नातवाने लेथ बंद केले. त्याचे हात थरथरत होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “आबा, मी तर सगळा जोर लावून आवळलं होतं. मग सुटलं कसं?”

आबांनी आयुष्यात असा चक कधी वापरला नव्हता. ठोकळा उचलून आणून त्यांनी खुंटावरून हळूच बोट फिरवले. “जबडे किती?” त्यांनी विचारले.

“चार.”

“मग या खुणा मोज बरं.”

नातवाने मोजल्या. खुंटावर आठ खोल खाचा पडल्या होत्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आले. जबड्याची आतली बाजू लहान वर्तुळाचा तुकडा असते. मोठ्या वर्तुळावर ती टेकवली, तर मधला भाग अधांतरी राहतो आणि केवळ दोन्ही कोपरे रुततात. लहान बांगडीचा तुकडा मोठ्या डब्यावर टेकवून पाहिला, तरी हेच दिसते. चार जबड्यांचे आठ कोपरे, एवढ्यावरच तो सारा ठोकळा लटकत होता.

लोखंड असते, तर कदाचित तेवढ्यावरही निभावले असते. लोखंड जबड्यापुढे सहसा दबत नाही. लाकडाचे तसे नाही. त्याचे तंतू दाबाखाली चिरडतात. चिरडले की जागा सैल होते. आणि सैल जागा घट्ट करण्यासाठी अधिक आवळावे, तर तंतू अधिकच चिरडतात. म्हणजे जोर वाढतो आणि पकड मात्र कमी होते. नातू लोखंडाची पकड शिकून आला होता आणि तीच त्याने लाकडावर चालवली होती.

“आणखी एक पाहा,” आबा म्हणाले. “खुंटाचं टोक चकाच्या तळाला टेकलं होतं. लाकडाचा खांदा जबड्यांवर बसलाच नाही. मी खळग्यात लाकूड ठोकायचो ना, तेव्हा आधी खांदा टेकला का ते बघायचो. खांदा टेकला नाही, की लाकूड डुलायला लागतं.”

दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झाले. ठोकळ्याची एक कड फुटली होती, म्हणून तो आणखी बारीक करावा लागला. जाडी ९ सेंटिमीटर उरली. या वेळी नातवाने आधी जबडे निवडले आणि मग त्यांच्या मापाचा खुंट काढला: ५० मिलिमीटरच्या जबड्यांसाठी ५२ मिलिमीटरचा. आता जबडे जवळजवळ मिटलेले असताना खुंटाला सगळीकडून भिडले. खुंटाची लांबी त्याने जबड्यांच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवली, म्हणजे खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला. जबड्यांना आत जसा तिरपा उतार होता, तसाच उतार त्याने खुंटालाही दिला. आतून खळगा करून जबडे बाहेरच्या बाजूला ताणूनही लाकूड धरता येते. परंतु जुन्या, वाळलेल्या बाभळीला तसा ताण दिला तर ती फुटेल, म्हणून तो मार्ग त्याने सोडला. किल्ली त्याने बेताने आवळली, थोडे काम झाल्यावर पुन्हा तपासली आणि दर वेळी ती काढूनच हात मागे घेतला. आरंभी वेग कमी ठेवला. पोट कोरायला घेईपर्यंत दुसऱ्या टोकाचा आधारही काढला नाही. डोळ्यांवर चष्मा होता आणि समोरच्या दाराला कडी होती.

झाकण झाले, पोट कोरून झाले. शेवटी खुंट काढून टाकण्याची वेळ आली. परंतु ज्या खुंटाला चकाने धरले होते, तोच कापायचा, तर करंडा धरायचा कसा? नातू विचारात पडला. तेव्हा आबा उठले आणि माजघरातली जुनी पेटी घेऊन आले. तिच्यातील एक ठोकळा त्यांनी चकात धरायला लावला, त्याचे टोक करंड्याच्या तोंडात अचूक बसेल असे कातवले आणि करंडा त्यावर पालथा दाबून बसवला. खुंट कापला गेला, तळ गुळगुळीत झाला. नव्या चकाने सुरू केलेले काम जुन्या पेटीने पुरे केले.

याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणांच्या कवचांपर्यंत अनेक अवजड वस्तू तेथील कारखान्यात घडल्या आहेत. अग्निबाण आकाशात झेपावतो, तेव्हा सर्वांच्या माना वर होतात. परंतु त्याचे कवच कातण्याआधीही कोणीतरी कारागीर क्षणभर थांबलेला असतो आणि हे धरायचे कशाने, कोठे आणि किती जोराने, याचा त्याने विचार केलेला असतो. वस्तू करंडा असो वा अग्निबाण, हत्यार चालवण्याआधी हा विचार टळत नाही.

लग्नात बहिणीच्या हाती तो करंडा आला. तो योजल्यापेक्षा लहान झाला होता. झाकण मात्र अलगद बसत होते आणि उघडताना हलकासा आवाज करीत होते. पाहुण्यांनी लाखेचा रंग वाखाणला, लाकडाच्या रेषा वाखाणल्या. करंडा उलटा करून तळ पाहण्याचे कोणाला सुचले नाही. आणि पाहिला असता, तरी पकडीची खूण तेथे उरली नव्हती. कापलेला खुंट नातवाने फेकला नाही. आबांच्या जुन्या पेटीत, खळग्यांच्या ठोकळ्यांशेजारी, त्याने तो जपून ठेवला.