इम्जिनतीरीचे श्राद्ध

सेवानिवृत्तीनंतर आम्हांस परदेशगमन घडेल असे कधी वाटले नव्हते. परंतु जावई नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात सेऊल येथे राहू लागले, कन्येने आग्रह धरला, आणि 2024 सालच्या भाद्रपदात आम्ही सपत्नीक तेथे जाऊन पोहोचलो. 17 सप्टेंबरला कोरियन लोकांचा चुसोक नावाचा सण होता. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस हा येतो. म्हणजे बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेस. नव्या तांदळाचे पदार्थ करून ते पितरांस अर्पण करावयाचे, हा त्या दिवशीचा कुळाचार. पितृपक्षाच्या उंबरठ्यावर इतक्या दूरदेशीही श्राद्धाचाच दिवस पाहून आम्हांस मोठे नवल वाटले. जावई म्हणाले, "अप्पा, आज तुम्हांला इम्जिनगाकला नेतो. तिथले श्राद्ध निराळे असते."

सेऊलच्या वायव्येस पन्नासेक किलोमीटरांवर, इम्जिन नदीच्या काठी हे स्थान आहे. सणाची गर्दी असल्यामुळे मोटार मुंगीच्या पावलांनी चालली होती. नदीच्या काठाने काटेरी तारांचे कुंपण लागले, तेव्हा आपण सीमेजवळ आलो हे कोणी सांगावे लागले नाही.

महायुद्ध संपताच 1945 साली 38 व्या अक्षांशावर या देशाचे दोन भाग पडले. 1948 साली दोहोंकडे दोन सरकारे झाली आणि प्रत्येक सरकार स्वतःसच सबंध कोरियाचे धनी म्हणवू लागले. 25 जून 1950 रोजी उत्तरेने दक्षिणेवर चढाई केली. 27 जुलै 1953 रोजी तोफा थांबल्या. पण तो केवळ युद्धविराम. त्यावर दक्षिणेच्या सरकारने सहीसुद्धा केली नाही, आणि शांततेचा तह अद्यापि व्हावयाचा आहे! इम्जिनगाकला गोळ्यांनी चाळण झालेले एक जुने आगगाडीचे इंजिन ठेविले आहे. त्यावरील भोके हजाराहून अधिक आहेत.

तेथून उत्तरेस थोड्याच अंतरावर, निर्लष्करी पट्ट्यात, 1953 साली आपले सैनिक राहत होते हे पुष्कळांस ठाऊक नसेल. स्वदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी सांभाळण्याचे नाजूक काम हिंदुस्थानकडे आले होते. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख आमचे मराठी मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांचा हिंदी फौजेवर इतका रोष की, तिचे पाऊल आपल्या भूमीस लागू नये असा त्यांनी हट्ट धरला. तेव्हा जहाजांवरून हेलिकॉप्टरांत बसवून आपले जवान थेट त्या पट्ट्यात उतरविण्यात आले. शेवटी 88 कैदी असे निघाले की, त्यांस दोन्हीकडचे कोणतेच सरकार नको होते. त्यांस 1954 साली हिंदुस्थानात आणण्यात आले. भाऊबंदकीत दोन्ही घरे नकोशी झालेली माणसे आपल्याकडेही कोठे थोडी आहेत?

पुढे समेटाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1972 चे संयुक्त निवेदन, 1991 चा करार, 2000 साली प्याँगयांग येथे झालेली दोन्ही प्रमुखांची पहिली भेट, 2018 साली पानमुनजोमला हातात हात घालून ओलांडलेली सीमारेषा, अशी ही मालिका आहे. आम्हांस मात्र या सर्वांहून गायींची गोष्ट अधिक भावली. ह्युंदाई कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग हे मूळचे उत्तरेकडील शेतकऱ्याचे पुत्र. तरुणपणी वडिलांच्या गायीचे पैसे घेऊन ते घरातून पळाले होते. 1998 साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांनी याच नदीवरील पुलावरून पाचशे गुरे उत्तरेस नेली, आणि मग त्याच वर्षी आणखी पाचशे एक! पितृऋण सव्याज फेडावे ते असे.

परंतु उभारलेले टिकत नाही. केसाँग येथे दोहोंच्या संपर्काकरिता थाटलेले कार्यालय उत्तरेने 2020 साली सुरुंगाने उडविले. 2024 च्या जानेवारीत किम जोंग उन यांनी एकीकरणाचे ध्येयच टाकून दिले. आम्ही ज्या वर्षी गेलो त्या वर्षी उत्तरेकडून कचऱ्याचे फुगे येत होते व दक्षिणेकडून ध्वनिक्षेपक गर्जत होते. 2025 साली दक्षिणेत नवे सरकार आले तेव्हा ते ध्वनिक्षेपक थांबले. आणि आम्ही तेथे उभे राहिल्यास महिना लोटतो न लोटतो तोच, 15 ऑक्टोबरला, दोन्ही देशांस जोडणारे रस्ते उत्तरेने आपल्या बाजूस उडवून दिल्याचे वृत्त आले.

इम्जिनगाकला 1985 साली बांधलेली एक वेदी आहे. ज्यांची गावे उत्तरेत राहिली, ते सणाच्या दिवशी येथे येऊन उत्तराभिमुख होऊन पितरांस नैवेद्य दाखवितात. आम्ही गेलो तेव्हा माणसांची रीघ लागली होती; बहुतेक सारी वृद्ध. ताटाताट झालेल्या आप्तांना भेटता यावे म्हणून सुमारे 1 लाख 34 हजार लोकांनी दक्षिणेत नावे नोंदविली. त्यांपैकी दहांत सातांहून अधिक जण वाट पाहतच निवर्तले. 2000 पासून प्रत्यक्ष भेटी एकवीस वेळा घडविण्यात आल्या; शेवटची 2018 च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर एकही नाही.

एक आजीबाई नातवाचा हात धरून आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. आमच्या कन्येस तेथील भाषा अवगत असल्याने बोलणे होऊ शकले. त्यांचे गाव केसाँगजवळ. हा मुलूख पूर्वी दक्षिणेत होता, तो युद्धात उत्तरेकडे गेला. 1951 च्या हिवाळ्यात सारे घर पळाले. थोरला भाऊ तेवढा घर राखण्यास मागे राहिला, तीन दिवसांच्या बोलीवर.

आमच्या हिने विचारले, "मग भावाचाही नैवेद्य यातच का?"

आजीबाई क्षणभर घुटमळल्या. तेथील रीत अशी की, जिवंत वडीलधाऱ्यास एक साष्टांग नमस्कार आणि मृतास दोन. मृत्युतिथी ठाऊक नसेल तर नवव्या चांद्रमासाची नवमी धरण्याचीही जुनी चाल आहे, जशी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या. पण तिथीचा प्रश्न मृत्यू निश्चित असेल तर! त्यांनी उलट आम्हांस विचारले, "तुमच्या शास्त्रात अशा माणसाचे काय करतात?"

आम्ही सांगितले, "बारा वर्षे वाट पाहतात. मग पळसाच्या देठांची आकृती करून तिला अग्नी देतात."

"बारा?" त्या म्हणाल्या. "माझी त्र्याहत्तर झाली."

त्यांची पाळी आली. तांदळाचे गोळे, नासपती आणि पेला वेदीवर मांडून त्यांनी आईस दोन नमस्कार केले, वडिलांस दोन केले. गुडघे साथ देत नव्हते. नातू प्रत्येक वेळी उठवीत होता. पाचव्यांदा त्या पुन्हा खाली वाकल्या, कपाळ दगडास टेकविले, उठल्या, आणि नातवाने परत धरण्याकरिता हात पुढे केला तेव्हा मानेनेच नको म्हणून बाजूस झाल्या.