आमच्या घराची मागची भिंत

आमच्या घरावर निळे प्लास्टिक का घातले आहे, असे वर्गातल्या पुष्कळ जणांनी मला जून महिन्यात विचारले. तेव्हा मी नीट सांगितले नाही. आता गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी मे महिन्याच्या सुट्टीवर लिहायला सांगितले आहे, म्हणून सगळे लिहिते. माझी सुट्टी आणि आमचे घर हे दोन्ही एकातच आहे, वेगळे लिहिता येत नाही.

आमचे घर पणजोबांनी बांधलेले. पुढे पडवी, मग माजघर, बाजूला स्वयंपाकाची खोली आणि मागे न्हाणी. पडवी चिऱ्याची आहे, पण माजघराच्या भिंती मातीच्या होत्या, हातभर जाड. उन्हाळ्यात आत गारगार वाटायचे. मी लहान होते तेव्हा घरात आजी, आई, बाबा आणि मी एवढीच माणसे. मग मला भाऊ झाला. मुंबईच्या काकांना आधी दादा एकटाच होता, मग छोटी झाली. ते सगळे मे महिन्यात आणि चतुर्थीला येतात. २०२४ च्या चतुर्थीला आत्यापण मुलांना आणि आतोबांना घेऊन आली, तेव्हा मी मोजले तर तेरा माणसे झाली. जेवायला दोन पंगती बसल्या ते ठीक, पण झोपायला जागा कुठे? पडवीत पावसाची झड येत होती. काका आणि बाबा म्हणाले, आम्ही रात्रभर भजनाला जातो. सकाळी बघते तर दोघांच्याही केसांत गवत! ते मांगरात गाईजवळ झोपले होते.

त्यात आईला बाळ होणार होते. आजी म्हणाली, "माणसा वाढली, आता घर वाढाक होया."

मग बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. न्हाणीच्या बाजूला एक नवी खोली काढायची. माजघरावरचे वासे वाळवीने खाल्ले होते, ते बदलायचे आणि कौले नीट लावायची. मातीच्या भिंती मात्र तशाच ठेवायच्या, कारण त्यापण चिऱ्याच्या केल्या तर पैसे पुरत नव्हते. हा हिशेब बाबांनी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तेच आले.

आमची पाणंद अरुंद आहे, त्यामुळे चिऱ्यांचा ट्रक रस्त्यावरच थांबला. सगळे चिरे डोक्यावरून आणावे लागले. मला एक चिरा जागचा हलवतासुद्धा आला नाही. मुंबईचे काका म्हणाले, "बघ हां आता." त्यांनी चार आणले आणि पाचव्याला कंबर धरून खळ्यात बसले. काकीने त्यांना तेल चोळले. मुलांचे काम कौले वाहायचे. एका वेळी दोन कौले, फणसाखाली नेऊन उभी रचायची. एका कौलाखाली विंचू निघाला तेव्हा दादा ओरडला, पण तो म्हणतो की मी ओरडलो नाही.

आम्ही मुले सारखी पायात येतो म्हणून आमची रवानगी आईबरोबर आजोळी झाली. माझे आजोळ देवबागला. कुडाळहून मालवणची एसटी आणि मालवणहून देवबागची. देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये अरुंद पट्टी, तिच्यावर माड आणि घरे. रात्री दोन्हीकडून पाण्याचा आवाज येतो. मामांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत, त्या भाड्याने देतात. मे महिन्यात त्या भरलेल्या. म्हणजे तिथेपण आम्ही पडवीतच झोपलो!

सकाळी आम्ही रापण ओढायला जायचो. रापण म्हणजे खूप मोठे जाळे. ते होडीतून समुद्रात गोल टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसे ओढतात. जो ओढील त्याला वाटा मिळतो. आम्ही दोरीला नुसते लोंबकळत होतो, तरी आम्हाला दोन बांगडे आणि ओंजळभर बारीक मासळी मिळाली. आजोळच्या आजीने त्याचे तिखले केले. तसे तिखले मी कधी खाल्ले नाही.

एक दिवस मामांनी आम्हाला सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेले. मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते. हा किल्ला शिवाजी महाराजांनी कुरटे नावाच्या बेटावर १६६४ साली बांधायला घेतला आणि १६६७ साली तो पुरा झाला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही. महाराजांनी तो मुद्दाम तसा केला. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळपण आहे. दादा तटावर हात ठेवून म्हणाला, एवढ्या लाटा लागतात तर भिंत पडत कशी नाही? होडीवाले आजोबा म्हणाले, पायात शिसे ओतलेले आहे. मी पाणी बघत राहिले. लाट यायची, दगडावर आपटायची आणि परत जायची. (जुलै २०२५ मध्ये ह्या किल्ल्याचे नाव जागतिक वारसा यादीत गेले, असे गुरुजींनी परिपाठाला सांगितले, तेव्हा मी हात वर करून सांगितले होते की मी तो बघितला आहे.)

आई देवबागलाच राहिली. आम्ही परत आलो तर घराला छप्परच नव्हते! माजघरात उभे राहून वर बघितले की आभाळ दिसायचे आणि आभाळात घार. आम्ही सगळे मांगरात राहायला गेलो. आजी मात्र देवांना सोडून येईना. बाबांनी माजघराच्या एका कोपऱ्यावर बांबू लावून प्लास्टिक ताणले, आणि त्याखाली मागच्या भिंतीला लागून ती चटई टाकून झोपायची. मी दोन रात्री तिच्याजवळ झोपले. प्लास्टिकच्या कडेतून चांदण्या दिसायच्या. घरात झोपून चांदण्या बघायला मला फार आवडले.

सुतारमामा बहिणीच्या लग्नाला गेले ते पाच दिवस आले नाहीत. बाबा म्हणाले, असू दे, मृग सात जूनला, अजून पुष्कळ दिवस आहेत. तरी मातीच्या भिंतींच्या माथ्यावर त्यांनी प्लास्टिकचे तुकडे घालून वर दगड ठेवले होते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिते. १९ मे ला दुपारी मोठी माणसे जेवून पडली होती. आम्ही काजूच्या बागेत घर बांधायचा खेळ काढला. काठ्या रोवल्या, पडवी केली, माजघर केले, दोन खोल्या केल्या आणि येणाऱ्या बाळाला वेगळी खोली केली. फक्त छप्पर राहिले. दादा म्हणाला, प्लास्टिक पाहिजे. प्लास्टिक कुठे आहे ते मला माहीत होते. मागच्या भिंतीकडे कोणी जात नाही, म्हणून मी न्हाणीच्या दगडावर चढले, वरचे दगड ढकलले आणि प्लास्टिक ओढून काढले. दादाने सांगितले हे खरे, पण चढले मी. आमचे घर फार छान झाले. संध्याकाळी आम्ही ते तसेच सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम काळोख झाला आणि वारा सुटला. "पावस इलो! पावस इलो!" असे ओरडत सगळे धावले. सिमेंटच्या गोणी, लाकडे, गोधड्या जे हाताला लागेल ते आत नेले. मागची भिंत कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्या लक्षात आली, पण रात्री, गोधडीत. पाऊस पत्र्यावर नुसता ओतत होता. मी म्हटले, सकाळी बघू.

सकाळी मी आणि दादा भिजत बागेत गेलो. प्लास्टिक आणून परत भिंतीवर घातले. भिंतीचा माथा शेणासारखा मऊ झाला होता, माझी बोटे आत गेली. आम्ही कोणालाच काही सांगितले नाही. मला वाटले, आता वर प्लास्टिक आहे, सुकेल. पण पाऊस थांबलाच नाही. आणि आजी तिथेच झोपत होती.

२२ मे ला देवबागहून फोन आला की आईला दवाखान्यात नेले आहे. बाबा पावसातच मोटारसायकल घेऊन गेले. त्या रात्री खूप गडगडत होते. छोटी घाबरून रडायला लागली, तिला आजीच पाहिजे होती. काकी छत्री घेऊन गेली आणि आजीला मांगरात घेऊन आली. आजी कुरकुरत आली, देवांजवळ दिवा एकटा आहे म्हणाली.

पहाटे आवाज झाला. गडगडल्यासारखा नव्हता, मोठी गोणी टाकल्यासारखा धप्प असा होता. काका बॅटरी घेऊन गेले आणि आम्ही मागून गेलो. मागची भिंत आत पडली होती. आजीची चटई दिसत नव्हती आणि उशी दिसत नव्हती. बांबू मोडले होते. देव्हारा समोरच्या भिंतीला होता, तो वाचला. काका काही न बोलता मातीवर बॅटरी फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "हयचा प्लास्टिक कोणी काढल्यान? दगड खाली कशे?" कोणी बोलले नाही.

उजाडल्यावर मी मातीचे ढेकूळ उचलून बघितले. ही गणपतीची भिंत. दरवर्षी चतुर्थीला बाबा तिच्यावर रंग काढतात, मोर, कमळे आणि वेली. त्या ढेकळाच्या कडेला सगळे रंग एकावर एक दिसत होते. वर निळा, त्याखाली गुलाबी, मग हिरवा, पिवळा, परत निळा. मी नऊपर्यंत मोजले, मग मला रडायला आले. आजीने विचारले तेव्हा मी तिला सगळे सांगितले. मला वाटले ती मारील. तिने नुसता माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "माका सांगून भागाचा नाय. बापाशीक तूच सांग."

दिवसभर वीज नव्हती आणि फोन लागत नव्हता. बाबा २४ तारखेला दुपारी आले, नखशिखांत भिजलेले. पेढे पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत ठेवले होते. दारातूनच म्हणाले, "चेडू झाला गो! तुका भयण झाली!" मग त्यांनी आत बघितले. ते पायरीवर बसले. काका म्हणाले, "गणपती खंय बसतलो आता?" बाबा बोलले नाहीत. पेढे त्यांच्या हातातच होते.

तेव्हा मी सांगितले. दादापण पुढे आला आणि म्हणाला, मीच सांगितले होते काढायला. बाबांनी बराच वेळ भिंतीकडे बघितले आणि मग म्हणाले, "वासे काढले तेव्हाच ती हललेली. ती तशीय पडतलीच होती." मग मला एक पेढा दिला. तो मला गिळेना. नंतर मी गवंडीकाकांना विचारले, ती भिंत खरेच तशी पडली असती का? ते म्हणाले, "असात." हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत.

२५ मे ला काकांच्या मोबाइलवर बातमी आली की मान्सून देवगडपर्यंत आला. म्हणजे मृगाच्या तेरा दिवस आधी! आजी म्हणते, रोहिणीत असा पाऊस तिने बघितला नाही.

काकीने मुंबईत कपडे धुवायचे मशीन घ्यायला पैसे साठवले होते. ते तिने बाबांना चिऱ्यांसाठी दिले. बाबा नको म्हणत होते, पण ती म्हणाली, मला हाताने धुवायची सवय आहे. जून महिन्यात निळ्या प्लास्टिकखाली नवी भिंत उभी राहिली. म्हणून ते प्लास्टिक होते. मी शाळेतून आले की गवंडीकाकांना पाणी आणि ओळंबा द्यायचे काम करायची. ते काम मला बाबांनी लावून दिले होते. कौले चढली, आणि जुलै महिन्यात आई बाळाला घेऊन आली. नवी खोली तिला दिली. बाळ सारखे वासे बघते.

२७ ऑगस्टला चतुर्थी आली तेव्हा नव्या भिंतीला गिलावा झाला नव्हता. खडबडीत चिऱ्यावर मोर काढता येईना. बाबांनी चुना मारला आणि मध्ये एकच मोठे कमळ काढले. खालचा कोपरा मला दिला. मी तिथे समुद्र आणि किल्ला काढला. किल्ल्याचा दरवाजा काढला नाही, कारण तो दिसत नाही. जुन्या भिंतीचे ते रंगांचे ढेकूळ मी डब्यात ठेवले आहे. कोणाला बघायचे असेल तर घरी या.

ह्या वेळी आत्या आली आणि आम्ही चौदा माणसे झालो. नवी खोली आई, बाळ, आत्या आणि काकी यांनीच भरली. रात्री काका आणि बाबा म्हणाले, आम्ही भजनाला जातो. मी म्हटले, मीपण येते. सकाळी आईने माझ्या वेणीतून गवत काढले.

— इयत्ता चौथी