उजेडाचं माप

आषाढात नवी मुंबईची हवा जड होते. खाडीवरून येणारा खारट ओलावा नेरुळ-बेलापूरच्या भिंतींत मुरतो, मिठाच्या बरणीत शिरतो, पुस्तकांच्या कडा फुगवतो. आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर रेंगाळते आणि बरेच दिवस बंद राहिलेली पेटी उघडली, की बुरशीचा कोंदट वास आधी बाहेर येतो, मग आठवणी.

आजीची पैठणी अशाच पेटीत होती. मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली, घडीत वेखंडाचा तुकडा, तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला. अधूनमधून ती घडी मोडून दुसऱ्या बाजूने घालायची, कारण एकाच मोडीवर रेशीम विरतं. साडीला वारा द्यायचा तोही सावलीत. ऊन रंग खातं, असं ती म्हणायची.

वाशीच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा खाडीचं पाणी इतकं लखलखतं, की डोळे आपोआप मिटतात. त्या झगमगाटातून मुंबईत उतरून 1922 साली लोकांसाठी खुल्या झालेल्या, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत शिरावं आणि लघुचित्रांसमोर उभं राहावं, तर आधी काहीच दिसत नाही. मग अंधारातून एक हिरवा उमलतो, त्यात झाड, झाडाखाली कुणाची तरी वाट पाहणारी ती, तिच्या ओढणीची केसाएवढी सोनेरी किनार, आणि शेवटी तिच्या डोळ्यातली काजळरेघ.

चित्र हळूहळू जवळ येतं.

उजेड लक्समध्ये मोजतात. कागद, कापड आणि जलरंगांसाठी जगभरच्या संग्रहालयांत साधारण 50 लक्स उजेड पुरेसा मानतात. तैलचित्रांना 200 च्या आसपास चालतो. बाहेरचं ऊन हजारो लक्सचं. उजेडाने गेलेला रंग परत येत नाही आणि झीज साठत जाते: 50 लक्सचे दहा तास म्हणजे 500 लक्सचा एक तास. हळदीचा पिवळा तर फार लवकर उडतो. उष्णता ही झीज वाढवते. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि त्या ओढाताणीत वरच्या रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून काचेच्या पेटीत कोपऱ्याला छोटं आर्द्रतामापक असतं, आणि नाजूक चित्रं काही महिने दाखवून पुन्हा अंधारात विसाव्याला ठेवायची रीत असते.

मला या रीतीत फार मोठी माया दिसते. ज्या उजेडामुळे वस्तू आपल्याला दिसते, तोच तिला संपवत असतो. तेव्हा आज पाहणाऱ्याने थोडं कमी पाहायचं आणि अजून जन्माला न आलेल्या कुणासाठी उरलेलं राखायचं. आजीने तेच केलं होतं. लक्सचा आकडा तिला ठाऊक नव्हता, पण तिच्या पैठणीचा जांभळा अजून ओला वाटावा इतका गडद आहे.

संग्रहालयातल्या मंद दालनात दिवे कमी म्हणून कुरकुरू नका; फ्लॅश बंद ठेवा, डोळे सरावेपर्यंत थांबा. आणि घरी खिडकीसमोर आजोबांचा जुना फोटो टांगलेला असेल, तर तो आजच उतरवून आतल्या कोरड्या भिंतीवर लावा.