चोर्ला घाटाने जुन्या गोव्यास

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणास मातोश्रींसह बेळगावहून मोटारसायकलने निघालो. गाडीस हौसेने मऊ गादी बसविली होती. हातास ती सुखद वाटे. परंतु कणकुंबी येईतो फोम दबून खालचा कठीण तळ बोचू लागला. मागील उंच पेटीच्या भाराने घाटाच्या वळणांवर गाडीही डळमळे. १६०५ साली अभिषिक्त झालेल्या बॉम जेझू बासिलिकेत मातोश्रींना गुडघे टेकता येईनात. त्या मात्र काही बोलल्या नाहीत.

पुढील वर्षी घट्ट फोमची रुंद बैठक व पाठीस टेकू घेतला. सामान दोन्ही बाजूंच्या थैल्यांत, खाली बांधले. मातोश्रींनी गुडघे टेकून प्रार्थना केली. वाचकहो, बैठक निवडताना मागे बसणाऱ्यास आधी बसवून पाहावे.