माळवदावरचा शेजार

दिवाळी अंक उघडला की त्यात एखादे तरी विलायतेचे प्रवासवर्णन असतेच, आणि मी ते आधी वाचतो. पॅरिसविषयी वाचलेली एक गोष्ट मनात राहून गेली आहे. १८५३ पासून ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याने तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमावरून तिथली जुनी बोळे पाडली आणि सरळ, रुंद रस्ते काढले. रस्त्याकडेला खुर्ची टाकून कॉफी पीत बसण्याची जी ऐट आपण वाचतो, तिला ऐसपैस जागा त्या रस्त्यांनी करून दिली. बोळांतली गरीब माणसे मात्र शहराच्या कडेला गेली. त्यांच्या वाट्याला प्रवासवर्णनात दोन ओळी येतात.

पॅरिस मी पाहिलेले नाही. मास्तरकीत माझा प्रवास बारामती ते इंदापूर एवढाच झाला. पण बांधकाम माणसाला कसे वळण लावते, हे समजायला तेवढा पुरला.

बारामतीत नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले आणि आर्या रचीत गेले. वाड्याच्या सावलीत पुराण आणि पाठांतर नांदले. परंतु पुढे या मुलखाला खरे वळण लावले ते नीरा डाव्या कालव्याने. दुष्काळाच्या काळात हाती घेतलेला हा कालवा १८८५ मध्ये वाहता झाला. कालव्याला कोणी वास्तू म्हणत नाही, मी म्हणतो. आमच्याकडची झोपसुद्धा त्याच्या पाळीवर बेतलेली असते. वर्गात एखादे पोर पेंगू लागले की मी छडीकडे पाहत नाही, आधी विचारतो, "काय रे, रात्री दारे धरायला गेला होतास का?"

इंदापुरात मालोजीराजांची गढी. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इथल्याच लढाईत पडले. वरून पाहणारा एक आणि मान वर करून पाहणारे बाकीचे, हे गढीचे शास्त्र. गढ्या ढासळल्या, तरी कचेरीच्या पायऱ्या चढताना आमचा शेतकरी अजून टोपी सारखी करतो.

आमचे घर मात्र भीमाकाठच्या पळसदेवचे. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. गाव उठून वर, पुणे–सोलापूर रस्त्याच्या बाजूला आले. माझा जन्म त्या सुमाराचा; म्हणून जुने घर मला ठाऊक आहे ते आत्याच्या तोंडून. पांढऱ्या मातीचे माळवद, एकाला लागून दुसरे. पापड वाळत घालायला वर गेलेली बाई रस्त्यावर पाऊल न टाकता आळीच्या टोकापर्यंत जायची. कोणाची सून रुसली, कोणाकडे चूल पेटली नाही, हे वरच्यावर कळायचे आणि भाकरीही वरच्यावरच जायची. नव्या गावात सरळ रस्ते आणि सुटे प्लॉट मिळाले. माळवदे गेली, पत्रे आले. पत्र्यावर कोण चालणार? आत्या म्हणते, "घरं लांब झाली नाहीत रे, वरची वाट गेली." धरणाने ऊस दिला, हे मी नाकारीत नाही. माझी फीसुद्धा त्या उसावरच भरली गेली.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी आटली आणि पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडले. लोक फोटो काढायला लोटले. मी आत्याला घेऊन गेलो. देवाला हात जोडून झाल्यावर ती भेगाळलेल्या गाळातून तरातरा निघाली आणि एका जोत्यापाशी थांबली. मला सगळे दगड सारखेच. तिने मात्र ओटा, चूल, बळद अशा जागा काठीने दाखवल्या. मग शेजारच्या जोत्यापर्यंत पावले मोजली. चार भरली.

त्या वर्षी माझ्या घराचे बांधकाम सुरू होते. परतताना ती म्हणाली, "मास्तर, जिना बाहेरनं घे. म्हणजे शेजारणीला न विचारता वर येता येईल."

गवंडी कुरकुरला, चोरांची सोय होईल म्हणाला. बायकोही त्याच्याच बाजूची. पंधरा दिवस वाद चालला. शेवटी जिना बाहेरून झाला. आत्या गुडघे धरीत वर चढली, कठड्याशी उभी राहिली आणि चहूकडे पाहून आली. शेजारच्या घरावर अजून पत्राच आहे.